मुरलेली बोर्दो : बंद बाटलीत वीस वर्षं काय घडत असतं?

दर वर्षी वसंतात, एप्रिलच्या आसपास, जगभरचे वाईनचे व्यापारी आणि समीक्षक फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्दो शहरात जमतात. आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडलेल्या द्राक्षांची वाईन तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची झालेली असते. ती अजून पिंपातच असते, बाटलीत जायला वर्ष-दीड वर्ष बाकी असतं. तरीही ती चाखून बघायची, अंदाज बांधायचा आणि पैसे मोजायचे, असा तिथला रिवाज आहे. दिवसभर एकामागून एक नमुने चाखले, की संध्याकाळी प्रत्येकाचे दात आणि जीभ जांभळी झालेली असते, टोपलीभर जांभळं खाल्ल्यासारखी. तोंडाला कोरड पडते. गाल आतून खरखरीत होतात, हिरडा चघळल्यावर होतात तसे.

त्यातलीच एखादी पोयाक गावची उत्तम वाईन पंचवीस वर्षांनी उघडा. जांभळा रंग गेलेला असतो. पेला तिरका धरला तर मधोमध डाळिंबी आणि कडेला विटकरी छटा दिसते. वासात ताजं फळ शोधावं लागतं. त्याच्या जागी देवदाराचं लाकूड, तंबाखू, जुनं चामडं आणि पावसाळ्यात रानातल्या पाचोळ्याला येतो तसा ओलसर, गोडसर वास असतो. आणि तोंडातला तो खरखरीतपणा? तो रेशमासारखा झालेला असतो. बाटली मात्र या सगळ्या काळात बुचाने बंद होती. बाहेरून कोणी काही घातलं नाही, काढलंही नाही.

मग हे झालं कसं? हा प्रश्न मला वाईनमधला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. त्याच्या उत्तराचा बराचसा भाग आज माहीत आहे, पण सर्वसामान्यांपर्यंत पोचतं ते एकच वाक्य : ‘वाईन जितकी जुनी तितकी चांगली’. हे वाक्य बहुतेक वाईनच्या बाबतीत खोटं आहे. ज्या थोड्या वाईनच्या बाबतीत ते खरं आहे, त्यांच्या बाबतीतही अर्धवटच खरं आहे.

सुरुवातीला दोन मराठी शब्द वेगळे ठेवू : आंबणं आणि मुरणं. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातात आणि तिचा अल्कोहोल होतो, हे आंबणं. ते एक-दोन आठवड्यांत आटोपतं. त्यानंतर वाईनमध्ये अल्कोहोल वाढत नाही. वीस वर्षं ठेवलेली बाटली ‘जास्त चढते’ हा गैरसमज आहे. लेबलवर साडेतेरा टक्के लिहिलं असेल तर वीस वर्षांनीही जवळपास तेवढंच असतं. बाटलीत होतं ते मुरणं. लोणच्याच्या बरणीत कैरी, मीठ, मोहरी, तिखट सुरुवातीला आपापल्या चवी धरून असतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची मिळून एक चव होते. बारकाव्यांत रसायन वेगळं असलं, तरी घडणाऱ्या गोष्टीची जात हीच.

तुरटपणाचं भांडवल

काळ्या द्राक्षाचा गर चिमटीत दाबून पाहिला तर रस जवळजवळ पाण्यासारखा असतो. लाल रंग सालीत असतो. रेड वाईन करताना रस आणि साली दोन-तीन आठवडे एकत्र ठेवतात. तेवढ्या काळात सालीतून रंग उतरतो आणि साल व बिया या दोन्हींतून टॅनिन उतरतं. रंग देणाऱ्या द्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. आपल्या जांभळात आणि कोकमातही तीच द्रव्यं असतात.

टॅनिन म्हणजे तुरटपणा. मराठी माणसाला तुरट ही चव समजावून सांगावी लागत नाही, ही मोठीच सोय आहे. सुपारी, कच्चं केळं, हिरडा, कडक कोरा चहा, विड्यातला काथ. काथाचा तर इथे थेट संबंध आहे. द्राक्षाच्या बियांतलं टॅनिन ज्या लहान रेणूंच्या साखळ्यांनी बनलेलं असतं, त्यांतल्या एका मुख्य रेणूला रसायनशास्त्रात ‘कॅटेचिन’ म्हणतात आणि ते नाव पडलं ‘कॅटेचू’वरून, म्हणजे खैराच्या लाकडातून काढलेल्या काथावरून. कोकणात खैराच्या ढलप्या उकळून जो पदार्थ पिढ्यान्पिढ्या काढला गेला, त्याचंच नाव बोर्दोच्या प्रयोगशाळेत रोज घेतलं जातं.

तुरटपणा खरं तर चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलं आणि बुळबुळीत राहतं. टॅनिन या प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचे गठ्ठे करतं. वंगण गेलं, की जीभ टाळूवर घासायला लागते. कोऱ्या चहात दूध घातल्यावर तुरटपणा मऊ होतो त्याचं कारण हेच : टॅनिनला चिकटायला दुधातली प्रथिनं मिळतात. मटणाबरोबर कोवळी रेड वाईन सुसह्य वाटते, त्यातही या गोष्टीचा वाटा आहे.

आता बोर्दोच का, ते पाहू. जिरोंद नदीच्या रुंद मुखाच्या डाव्या काठावर मेदोक नावाची जमिनीची लांबट पट्टी आहे. मार्गो, सें-ज्युलियाँ, पोयाक, सेंतेस्तेफ ही गावं तिच्यावर ओळीने येतात. इथली चांगली जमीन गोट्या-खड्यांची आहे. पाणी झटकन निचरून जातं आणि दिवसाची ऊब खडे धरून ठेवतात. काबेर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं द्राक्ष अशा जमिनीत नीट पिकतं. त्याचे मणी बारीक, साल जाड आणि गराच्या मानाने बिया जास्त. म्हणजे थोड्या रसाला भरपूर रंग आणि भरपूर टॅनिन. जोडीला मर्लो हे मांसल, मऊ द्राक्ष मिसळतात. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इथल्या वाईनची जी प्रतवारी झाली, तिच्या पहिल्या पायरीवर लाफीत, लातूर, मार्गो आणि ग्राव्ह भागातली ओ-ब्रियाँ अशी चार नावं होती. मूतों-रोतशिल्डला तिथे पोचायला 1973 उजाडलं. (लातूर वाचून मराठी वाचक थबकेल. फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे मनोरा, आणि त्या मळ्यात तसा एक मनोरा आजही आहे.)

या वाईन कोवळ्या असताना पिणं कठीण जातं, कारण त्यांच्याकडे टॅनिनचं भांडवल फार असतं. तेच त्यांना पुढची तीस-चाळीस वर्षं पुरतं. पण टॅनिन एकटं असून भागत नाही, आणि या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

पिंपातली दोन वर्षं

आंबून झालेली वाईन ओकच्या पिंपात जाते. बोर्दोचं पिंप 225 लिटरचं असतं, म्हणजे साधारण 300 बाटल्या. मोठ्या मळ्यांची वाईन त्यात दीड ते दोन वर्षं राहते. लाकूड तिला व्हॅनिलासारखा, भाजल्यासारखा वास देतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. लाकडाचं त्याहून महत्त्वाचं काम दिसत नाही : फटींतून, बुचाच्या जागेतून आणि वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढताना थोडा थोडा ऑक्सिजन आत जातो.

हा थोडासा ऑक्सिजन फार मोलाचं काम करतो. तो कणभर अल्कोहोलचं रूपांतर ॲसिटाल्डिहाइडमध्ये करतो आणि हा रेणू आकड्यासारखा वागतो. एका बाजूने टॅनिन पकडतो, दुसऱ्या बाजूने रंगाचा रेणू. दोघं जोडले गेले, की नवं, जास्त टिकाऊ रंगद्रव्य तयार होतं. वाईन दोन वर्षांत निवळते, रंग पक्का होऊ लागतो, कच्चेपणा कमी होतो.

निवळण्याला थोडा हातभारही लावतात. अंड्यातला पांढरा बलक फेटून पिंपात घालायची तिथली जुनी पद्धत आहे. एका पिंपाला पाच-सहा अंडी. बलकातली प्रथिनं सगळ्यात खरखरीत टॅनिन पकडून तळाशी बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवतात, ते आठवा. उरलेल्या पिवळ्या बलकांतून बोर्दोचा प्रसिद्ध कानेले नावाचा केक जन्मला, असं तिथे सांगतात.

बुचाच्या आत

1860च्या दशकात तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून लुई पाश्चरने वाईन का बिघडते याचा शोध घेतला. त्याने काचेच्या नळ्यांत वाईन भरून सील केली. काही नळ्या काठोकाठ भरल्या, काहींत हवा ठेवली. हवेच्या नळ्यांत रंग उतरला, साका बसला. भरलेल्या नळ्यांत वाईन फारशी बदलली नाही. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की वाईन परिपक्व होते ती ऑक्सिजनमुळे.

पिंपापुरतं ते बरोबर होतं. बाटलीबाबत मात्र चित्र पुरं व्हायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या. पाश्चरचा सहकारी युलिस गायों बोर्दोला जाऊन तिथे काम करू लागला होता. त्याचा नातू झाँ रिबेरो-गायों याने 1930च्या दशकात वाईनमधल्या ऑक्सिजनचा कसून अभ्यास केला. चांगल्या बुचातून ऑक्सिजन अगदीच नगण्य जातो, आणि बाटलीतले उत्तम बदल घडतात ते हवेपासून दूर असताना, हे त्याच्या कामातून पुढे आलं. आजोबांच्या गुरूचं म्हणणं नातवाने पूर्ण केलं, ही गोष्ट मला फार आवडते. विज्ञानाची पुढची पायरी कधी कधी अशी एकाच घरातून चढली जाते.

आज साधारण असं समजलं जातं : पिंपात वाईन श्वास घेते, बाटलीत तो जवळजवळ रोखून धरते. बूच, म्हणजे मुख्यतः पोर्तुगालमधल्या कॉर्क-ओकची दर नऊ वर्षांनी सोलली जाणारी साल, सुरुवातीच्या महिन्यांत आपल्या पेशींत अडकलेली हवा थोडी सोडते आणि मग फारच थोडी हवा आत येऊ देते. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. सुकलं, तर ते आकसतं आणि हवेला वाट मिळते.

आत काय चालतं? पहिलं म्हणजे सुटे अँथोसायनिन संपत जातात. कोवळ्या वाईनचा जांभळा-लाल रंग त्यांचा असतो, पण ते नाजूक असतात. काही तुटतात, बरेचसे टॅनिनशी जोडले जातात, काही इतर छोट्या रेणूंशी जुळून नारिंगीकडे झुकणारी नवी द्रव्यं बनवतात. काही वर्षांत सुटा रंग जवळजवळ उरत नाही. तरीही वाईन पांढरी पडत नाही, कारण जोडलेली द्रव्यं वाईनच्या आंबटपणात आपला रंग जास्त चांगला धरून ठेवतात. जांभळा, मग माणकासारखा लाल, मग डाळिंबी, मग विटकरी, हा सारा प्रवास एका द्रव्याने दुसऱ्याला जागा करून देण्याचा आहे.

दुसरा बदल टॅनिनचा, आणि इथे थोडं सावध राहायला हवं. जुनं, सोपं स्पष्टीकरण असं : टॅनिनच्या साखळ्या लांब लांब होत जातात, जड होतात, तळाशी बसतात आणि वाईन मऊ होते. यात तथ्य आहे. जुन्या बाटलीच्या तळाशी जो गडद साका दिसतो तो टॅनिन आणि रंगाचाच. पण चित्र त्याहून गुंतागुंतीचं आहे. वाईन आंबट असते आणि आंबट द्रवात या साखळ्या तुटतातही. तुटलेले तुकडे पुन्हा वेगळ्या प्रकारे जुळतात, रंगाचे रेणू त्यांच्या टोकांना बसतात, काही साखळ्या स्वतःवरच गुरफटतात. वीस वर्षांनी उरतो तो साखळ्यांचा वेगळ्याच घडणीचा समूह, लाळेच्या प्रथिनांना आधीइतका घट्ट न चिकटणारा. म्हणून तुरटपणा पूर्ण जात नाही, त्याचा पोत बदलतो. खादीचं नवं कापड धुऊन धुऊन मऊ होतं आणि तरी खादीच राहतं, तसं काहीसं.

तिसरा बदल वासाचा. माझ्या मते खरी जादू इथेच आहे. आंबताना तयार झालेले ताज्या फळांसारखे वास देणारे अनेक रेणू पहिल्या वर्षा-दोन वर्षांत आंबट पाण्यात फुटून जातात. केळं, स्ट्रॉबेरीसारखा उथळ सुगंध आधी जातो. खोलवरचा, करवंद-जांभळाच्या जातीचा काळा फळवास जास्त टिकतो. दरम्यान द्राक्षात साखरेच्या रेणूंना बांधलेले आणि म्हणून वासच नसलेले काही रेणू हळूहळू सुटे होतात आणि वास देऊ लागतात. म्हणजे वाईनमध्ये सुरुवातीपासून असलेलं काही पंधरा वर्षांनी प्रथमच नाकाला कळतं. गंधकाचे काही सूक्ष्म रेणू वाढतात; त्यांतलं डायमिथाइल सल्फाइड जास्त झालं तर नकोसं वाटतं, पण किंचित असलं तर ट्रफल या जमिनीखालच्या सुगंधी कवकाची आठवण देतं. जुन्या बोर्दोमध्ये कधी कधी पुदिन्यासारखी थंड झुळूकही येते, आणि तिच्यामागचे रेणूही संशोधकांनी शोधले आहेत. ओकचा ठळक वास स्वतंत्र राहत नाही, इतरांत विरून जातो.

फ्रेंच लोक या मुरलेल्या सुगंधाला ‘बुके’ म्हणतात. शब्दशः फुलांचा गुच्छ. कोवळ्या वाईनच्या वासाला हा शब्द ते सहसा वापरत नाहीत.

मधली मुकी वर्षं

सगळ्यात गोंधळात टाकणारा टप्पा मधला. पुष्कळ चांगल्या बोर्दो पहिली दोन-चार वर्षं मोकळ्या, फळांनी भरलेल्या असतात आणि मग अचानक मिटतात. वास येईनासा होतो, तोंडात फक्त तुरट आणि आंबट जाणवतं. हे कधी सुरू होतं आणि कधी संपतं याला नेम नाही. पाचव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान कधीही. कारणांची नीट उकल अजून झालेली नाही. ताजं फळ ओसरलंय आणि बुके अजून जमलेला नाही, असा मधला पडाव म्हणून त्याकडे पाहता येतं. खूप पैसे देऊन घेतलेली बाटली याच काळात उघडून ‘यात एवढं काय आहे?’ असं म्हणणारे कितीतरी लोक असतात. त्यांची जीभ चुकलेली नसते, बाटली चुकीच्या वर्षी उघडलेली असते.

पुढे वाईन उमलते, काही वर्षं त्या उंचीवर राहते आणि मग उतरणीला लागते. ती फार जुनी झाली, की फळ संपतं, टॅनिन ओसरतं आणि आम्ल मात्र जवळपास तेवढंच राहिलेलं असल्याने उघडं पडतं. मग वाईन पातळ, आंबट, सुकल्यासारखी लागते. आधी म्हटलं ते इथे येतं : टॅनिन एकटं पुरत नाही. टॅनिन मऊ होईपर्यंत फळ टिकलं पाहिजे. दोघांची शर्यत असते आणि दोघांनी एकाच वेळी पोचायचं असतं.

1975 सालची बोर्दो या शर्यतीचा धडा आहे. त्या वर्षीच्या द्राक्षांची साल जाड होती, टॅनिन कठोर होतं. लोकांनी श्रद्धेने वाट पाहिली, आणि कित्येक वाईनमध्ये टॅनिन मऊ होण्याआधीच फळ सुकून गेलं. उलट 1982 : उन्हाळी, पिकलेलं, भरघोस पीक. वाईन कोवळेपणीच इतकी गोड-मऊ लागत होती, की ही टिकणार नाही असं काही जाणकारांनी म्हटलं. त्या वर्षाच्या उत्तम बाटल्या चाळीस वर्षांनंतरही दिमाखात उभ्या आहेत. टॅनिन कमी नव्हतं, ते पिकलेलं होतं. 1945 आणि 1961 या दोन वर्षी मे महिन्यातल्या थंडीने पीक घटलं, उरलेल्या थोड्या घडांत सगळा अर्क उतरला, आणि त्या वाईन विसाव्या शतकातल्या सर्वांत दीर्घायुषी बोर्दोंमध्ये गणल्या जातात.

पण वाट पाहण्याची खरी गोष्ट 1870च्या लाफीतची. ती कोवळेपणी इतकी कठोर होती, की कित्येक दशकं पिण्याजोगी झालीच नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लॅमिस किल्ल्याच्या मालकाने तिच्या मॅग्नम, म्हणजे दीड लिटरच्या बाटल्या, तळघरात ठेवल्या होत्या. त्याला ती आवडली नाही. त्याच्या हयातीत बहुतेक बाटल्या तशाच पडून राहिल्या. 1971 मध्ये त्यातल्या चाळीसेक मॅग्नम लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात निघाल्या तेव्हा शंभर वर्षांची ती वाईन अप्रतिम निघाली. तळघर थंड होतं, बाटल्या एका जागेवरून हलल्या नव्हत्या. आणि त्या मॅग्नम होत्या : बूच साध्या बाटलीएवढंच, वाईन दुप्पट, त्यामुळे मुरणं संथ.

हे सगळं थोड्या वाईनचं भाग्य आहे, हेही लक्षात असू द्यावं. जगात होणारी बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते. फ्रान्समधलीच बोजोले नुव्हो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, खुडणी होऊन दोन-अडीच महिने झालेले असतात, आणि तिची गंमत त्या कोवळ्या फळातच आहे. ती दहा वर्षं ठेवणं म्हणजे भाकरी दहा दिवस ठेवण्यासारखं आहे. बर्गंडीची पिनो न्वारही मुरते आणि सुंदर मुरते, पण पातळ सालीच्या त्या द्राक्षात टॅनिन कमी असल्याने तिचा हिशेब निराळा. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आपल्याकडे ठेवायची झाली तर

बोर्दोची तळघरं 12-13 अंशांवर असतात, उन्हाळा-हिवाळा फारसा फरक नाही, अंधार आणि दमट हवा. या थंडाव्याचं महत्त्व मोठं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं, की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. मग गरम जागी ठेवून वीस वर्षांचं काम पाच वर्षांत उरकता येईल का? नाही येत, कारण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेगावत नाहीत. वाईन बिघडवणाऱ्या क्रिया पुढे धावतात, घडवणाऱ्या मागे राहतात. मंद आचेवर आटवलेलं दूध आणि मोठ्या आचेवर करपवलेलं दूध, दोन्ही आटलेलीच असतात.

म्हणून आपल्याकडचं एक दृश्य पाहून मला नेहमी वाईट वाटतं : परदेशातून मुलाने किंवा जावयाने आणलेली चांगली फ्रेंच बाटली दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, उभी, उजेडात, पुण्या-नागपूरचे चार-पाच उन्हाळे सोसत ठेवलेली. ‘खास प्रसंगाला उघडू’ म्हणून. प्रसंग येतो तोवर बूच सुकलेलं किंवा वर सरकलेलं असतं आणि वाईनला शिजवलेल्या मनुकांचा वास लागलेला असतो. घरात खास वाईनचं थंड कपाट नसेल तर माझा सल्ला सरळ आहे : चांगली बाटली वर्षभरात प्या. तोवर घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. काही महिन्यांसाठी साधा फ्रीज वाईट नाही, कित्येक वर्षांसाठी मात्र त्याची कोरडी हवा बुचाला मानवत नाही. नाशिककडच्या बहुतेक वाईन लवकर पिण्यासाठीच केलेल्या असतात, त्या साठवून मुळीच ठेवू नका.

जुनी बाटली उघडताना

खरोखर जुनी, नीट राखलेली बाटली हाती आली, तर आधी एक-दोन दिवस ती उभी ठेवा. आडवी असताना बाजूला बसलेला साका तळाला जायला वेळ लागतो. बाटलीतल्या वाईनची पातळी बघा. मानेपर्यंत असेल तर आशा आहे. खांद्याच्या खाली उतरली असेल, तर बुचाने बरीच हवा आत घेतलेली आहे. बूच ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा मळसूत्री उघडणी अगदी हळू फिरवावी. बुचाच्या दोन बाजूंनी सरकवायचं दोन पात्यांचं उपकरण मिळालं तर उत्तम.

वास घ्या. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर तो म्हातारपणाचा नाही, बुचातल्या दोषाचा आहे आणि त्याला इलाज नाही. असा वास कोवळ्या बाटलीतही निघतो.

मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च धरून, एका हातात बाटली न हलवता, वाईन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता. मानेशी साक्याची काळी रेघ दिसली की थांबा. कोवळी बोर्दो दोन-तीन तास हवेवर ठेवली तर खुलते. तिशी-चाळिशीतली लगेच प्यायला घ्यावी. जिने इतकी वर्षं हवा जवळजवळ पाहिलेली नाही, तिला एकदम भरपूर हवा मिळाली की सुगंध तासाभरात निसटू शकतो.

पेला अर्ध्याहून कमी भरा आणि घाई करू नका. पहिल्या पाच मिनिटांत कदाचित फक्त बंद खोलीचा वास येईल. मग देवदार येतो. मग तंबाखू, सुकलेलं अंजीर, कुठून तरी पुदिना, आणि बऱ्याच वेळाने, नशीब असेल तर, तळाशी दडून राहिलेलं ते करवंदासारखं काळं फळ. तासाभरात एकच पेला चार-पाच वेगवेगळ्या वाईन पाजतो.

शेवटी बाटलीच्या तळाशी दोन बोटं गडद, गढूळ द्रव उरतो. तो ओतून देण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. काचेला चिकटलेला तो काळसर, बारीक वाळूसारखा थर म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये चाखणाऱ्यांचे दात ज्याने जांभळे झाले होते, त्या रंगाचा आणि तुरटपणाचा काही भाग.